मोहाखालचं अस्वल

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. कारण ही फजिती मी जिथे जिथे सांगितली, तिथे लोक अर्ध्यातच हसायला लागतात आणि माझं मुख्य दुःख बाजूलाच राहतं!

आमचं घर चिचगडच्या बाजूला, जंगलाला लागून. मोहफुलांचे दिवस आले की आम्ही बायका पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातो. उशीर केला तर फुलं गाई खातात. आणि फार लवकर गेलं तर? तर अस्वल खात बसलेलं असतं! त्यालाही मोह आवडतो, त्यात त्याचा काय दोष?

म्हणून त्या वर्षी जंगल खात्याचे एक साहेब गावात आले आणि अस्वल समोर आलं तर काय करायचं ते समजावून गेले. पळायचं नाही. ओरडायचं नाही. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. मन शांत ठेवून हळू आवाजात बोलत राहायचं, म्हणजे त्याला कळतं की हा माणूस आहे. आणि बोलत बोलत मागे सरकायचं.

बाकीच्या बायका ऐकून घरी गेल्या. मी मात्र पाठ केलं! बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांना दोनदा म्हणून दाखवलं. शेजारची कमला तर मला पाहून वाट बदलायला लागली.

आता यात विहीणबाई कुठून आल्या, ते ऐका.

माझी मुलगी प्रणाली देवरीला एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न बोदलकशाकडच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. मुलगा गुणी, धानाची शेती, प्रणालीलाही पसंत. फक्त एक निरोप मधल्या माणसाकडून आला होता की लग्नानंतर मुलीने नोकरी सोडावी. आणि मी काय केलं? "हो हो, सोडेल की," असं सांगून मोकळी झाले. चांगलं स्थळ हातचं जाईल या भीतीने!  पण रात्री उशीत तोंड खुपसून झोपायची प्रणालीची पद्धत मला ठाऊक आहे. ती तशी झोपली की समजायचं, रडते आहे.

अशातच मुलाची आई देवरीला एका बारशाला आली आणि परतीची बस चुकली म्हणून आमच्याकडे मुक्कामाला आली. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत. बसली तर बाज करकरली! मला तर त्यांच्या पुढे पाण्याचा ग्लास ठेवतानाही घाम फुटत होता.

जेवताना त्या म्हणाल्या, "जंगलात राहता, भेव नाई लागत?"

झालं! मला विषय मिळाला. मी साहेबांचं सगळं व्याख्यान ऐकवलं. म्हटलं, "मी तं अस्वलापुढंबी शांत उभी राहीन. मन घट्ट पायजे फक्त."

"वा!" त्या म्हणाल्या. "मले घाबरट मानसं आवडतच नाई. सकाळी मोह वेचाले जासान तं मलेबी उठवा."

आमच्या ह्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत आहे, मी पालीलाही घाबरून "बाई" म्हणते.

पहाटे उठले. म्हटलं, पाहुण्या माणसाला कशाला उठवायचं? झोपू दे. मी टोपली उचलली आणि निघाले. रात्रभर त्यांच्या घोरण्याने घर हलत होतं आणि आता सगळं शांत होतं. त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडायला नको होता का? नाही पडला!

बाहेर नुसतं फटफटलं होतं. झाडाजवळ पोचले आणि पाय जागीच थांबले. मोहाखाली काळंभोर, केसाळ, भलंमोठं काहीतरी पाठमोरं बसलं होतं. खाली वाकून फुलं गोळा करत होतं. आणि मध्येच फुस्स, फुस्स असा श्वास टाकत होतं.

अस्वल!

आता खरं सांगते, माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. मी ओरडले नाही. पळाले नाही. नजर खाली केली आणि हळू आवाजात म्हटलं, "भाऊ, मी मानूस हाय. तुले काई करत नाई."

अस्वल एकदम स्तब्ध झालं.

म्हटलं, वा, साहेब खरे निघाले! मी एक पाऊल मागे सरकले. आणि मागून कोणीतरी माझा पदर धरला!

पुढे एक, मागे एक! जोडी होती वाटतं! मागे वळून बघायची सोय नाही. (ते बोरीचं झुडूप होतं, काट्यात पदर अडकला होता, हे नंतर कळलं.) आता एकच उपाय उरला, तो म्हणजे बोलत राहायचं.

पण अस्वलाशी बोलायचं तरी काय? साहेबांनी विषय सांगितला नव्हता ना! मी नाव सांगितलं. माहेर सांगितलं. बचत गटाच्या लोणच्याला बुरशी लागली ते सांगितलं. जरा थांबले की समोरून आवाज यायचा, "हूं."

म्हणजे गुरगुरतंय! मी घाईघाईने पुढे.

"घरी पाहुनी आली हाय, भाऊ. माही होणारी विहीन."

"हूं?"

"मानूस बेकार नाई. पण घोरते किती! आमची मांजर रातच्याला घर सोडून गेली, अजून आली नाई."

"हूं!" हे जरा जोरात आलं. मी आणखी हळू बोलायला लागले.

"अन् भाजीत मीठ कमी म्हणे. तूच सांग भाऊ, कमी होतं काय? स्वतः तं तीनदा घेतली!"

"हूं..."

आता हसू नका. जिवावर बेतलं की माणसाच्या तोंडून जे पोटात असतं तेच बाहेर येतं. माझ्या पोटात काय होतं? प्रणाली होती.

"भाऊ, माह्या पोरीची नोकरी सोडवून राहिली मी," मी म्हटलं आणि माझा आवाज ओला झाला. "पोरगी चांगली नर्स हाय. पेशंट तिले नावानं शोधत येतात. पोरगाबी तिले आवडते. पण रडते रात्री. मी विहीनबाईले साधं एवढं नाई सांगू शकत, का बाई, माही पोर घरी बसवू नका. तुह्यासमोर उभी हाय तरी माहे पाय कापत नाई, पाहून घे. त्या बाईसमोर कापतात!"

मी थांबले. या वेळी "हूं" आलं नाही.

 मोहाचं एक फूल पडलं तेही ऐकू आलं. आणि मग अस्वल हळूहळू दोन पायांवर उभं राहिलं!

दोन पायांवर अस्वल कधी उभं राहतं, ते साहेबांनी सांगितलं होतं. चिडल्यावर! मी डोळे मिटले. तरीही पळाले नाही, बरं का!

"हे मले कवा सांगणार होत्या वो तुमी?"

डोळे उघडले. अस्वलाच्या अंगावरून काळी घोंगडी खाली घसरली. आमच्याच ह्यांची घोंगडी! इतकी वर्षं मीच ती उन्हात घालते, मीच झटकते आणि मलाच ओळखू आली नाही! आणि आत कोण? माझ्याही आधी उठून आलेल्या, सर्दीने नाक चोंदलेल्या, हातात मोहाची ओंजळ घेतलेल्या विहीणबाई.

आता माझी खरी बहादुरी ऐका. अस्वलासमोर जी तसूभर हलली नाही, ती मी विहीणबाईंना पाहून पळाले! टोपली तिथेच, एक चप्पल तिथेच, पदराचा तुकडा बोरीला. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, हे साहेबांनी सांगितलं होतं. विहीण दिसली तर काय करायचं, हे कुठे सांगितलं होतं?

अंगणात हे दात घासत होते. "काय झालं? अस्वल होतं काय?"

"अस्वल असतं तं बरं झालं असतं हो!" म्हणत मी चुलीमागे जाऊन बसले. मनात एकच, मोडलं! पोरीचं लग्न मी माझ्या तोंडाने मोडलं!

थोड्या वेळाने विहीणबाई आल्या. माझी टोपली काठोकाठ भरलेली, वर माझी चप्पल. बाजेवर बसल्या. बाज करकरली.

"च्या टाका वो विहीनबाई. अन् मीठ टाकू नका त्यात."

मी चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "लपून काऊन राहिल्या? इकडं बसा."

"चुकलं माहं. मले वाटलं..."

"मले समजलं तुमाले काय वाटलं. पहिलेच बोलणार होती मी, पण तुमी माहंच नाव काढलं. मग कायले हालू? असं खरं बोलणारं मानूस रोज भेटते काय?" मग त्यांनी आवाज चढवला. "प्रणाली! इकडं ये वो!"

प्रणाली ड्यूटीचे कपडे घालून आली. चेहरा पांढरा.

"बस किती वाजता हाय तुही?"

"आत्ता... येईलच."

"मग उभी काऊन हायेस? जा. चुकवू नको. लगन झाल्यावरबी चुकवाची नाई. आमच्याकडं तिरोड्यालेबी दवाखाने हायेत."

मी म्हटलं, "पण तुमचाच तं निरोप होता..."

"माहा?" त्यांनी कप खाली आदळला. "मले कोनी इचारलं काय? माह्या भावानं ठरवलं अन् माह्या नावावर खपवलं! आमच्या वस्तीत बाळंतीन अडली तं गाडी शोधत फिरा लागते. घरात नर्स येऊन राहिली अन् मी तिले भांडे घासाले बसवू? अन् तुमीबी अशा! अस्वलाले सांगता, मले नाई सांगत!"

प्रणाली बसकडे निघाली ती जवळजवळ उड्या मारतच. अंगणातून तिचं हसू ऐकू आलं आणि मी पदराने डोळे पुसायला गेले, तर पदर होता कुठे? बोरीला!

लग्न झालं, झोकात झालं. प्रणाली आता तिरोड्याच्या दवाखान्यात जाते आणि तिची बस निघेपर्यंत सासूबाई दारात उभ्या असतात. मानाचं काय हवं म्हणून लग्नात आम्ही त्यांना विचारलं, तर लुगडं नको म्हणाल्या, ती घोंगडी मागितली. द्यावी लागली. आमचे हे अजून चादरीत कुडकुडतात.

आणि मला त्यांनी कायमचं ओळखलंय. फोन केला की "हॅलो" म्हणत नाहीत, "कोण" म्हणत नाहीत. नुसतं म्हणतात, "हूं."

की झालं! मी, गावाला मन शांत ठेवायला शिकवणारी, हातातलं काम टाकून उभ्याउभ्या पोटातलं सगळं सांगून मोकळी होते.