लिंबोणीला वळसा

माझ्या आत्याला नगरपालिकेत सगळे ‘वकीलबाई’ म्हणत. कोर्टाची पायरी ती कधी चढली नव्हती. ती शाळेचे गणवेश शिवायची. पण रंगाचा कारखाना बंद पडला, मालक हात झटकून निघून गेले, आणि मागे राहिलेली विषारी माती कोण उचलणार यावरून तिने तीन नगराध्यक्षांचं डोकं खाल्लं. ती लांबून येताना दिसली की साहेब मागच्या दाराने जेवायला जायचे, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

गल्लीतही तिचा धाक होता. शेजारच्या काकूंचा पालेभाजीचा वाफा, त्याच विषारी मातीतला म्हणून, तिने उभं राहून उपटायला लावला. तेव्हापासून काकू तिच्याशी बोलत नव्हत्या. मात्र आत्याच्या मागच्या अंगणातली लिंबोणी जागेवर होती. ती आतोबांनी लावलेली. ते त्याच कारखान्यात रंग ढवळायचे आणि खोकत खोकत गेले. त्या झाडाची लिंबं आत्या खात नसे, कुणाला देत नसे, सरळ कचऱ्यात टाके. पण झाडाला रोज पाणी घाली. त्यावरून तिला छेडायची माझीही हिंमत नव्हती.

अखेर पालिकेने माती खणून न्यायचा ठराव आणला. सभागृहात नकाशा लावला होता. खोदाईची लाल रेघ गल्लीतल्या सगळ्या मागच्या अंगणांमधून जात होती, फक्त आत्याच्या लिंबोणीला तेवढा वळसा होता. नगराध्यक्ष कौतुकाने म्हणाले की वकीलबाईंनी एवढा लढा दिला, त्यांच्या झाडाला आपण धक्का लावणार नाही. सदस्यांनी बाकं वाजवली. मला तर भरूनच आलं.

आत्या उठली. “तपासणीत माझी माती चांगली निघाली का?”

अभियंत्याने नगराध्यक्षांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. “नाही,” तो म्हणाला.

“मग रेघ सरळ करा. नाहीतर हिचा वाफा मी कुठल्या तोंडाने उपटायला लावला?”

तिने मागच्या रांगेत बसलेल्या काकूंकडे बोट दाखवलं.

झाड पाडलं त्या दिवशी आत्या मशीनवर बसून गणवेश शिवत राहिली. बाहेर डोकावलीसुद्धा नाही. मला तिचा रागच आला. माणसाने इतकं कठोर कशाला व्हायचं?

खड्डा भरून नवी माती पडल्यावर एका सकाळी ती धुणं घेऊन अंगणात आली आणि थबकली. कपड्यांच्या दोरीचं एक टोक भिंतीतल्या खिळ्याला होतं. दुसरं कायम लिंबोणीला बांधलेलं असायचं. ते आता जमिनीवर पडलं होतं. पिळलेली चादर छातीशी धरून आत्या रडायला लागली.

कुंपणापलीकडून काकूंनी हात पुढे केला.

“टोक द्या इकडे,” त्या म्हणाल्या, आणि दोरी त्यांनी आपल्या खिडकीच्या गजाला बांधून घेतली.