ताईने न घातलेले सात कपडे

गेल्या चार वर्षांत मी ताईला क्रोशाचे सात कपडे करून दिले. दोन पुढून उघडे श्रग, एक जाकीट, एक लांब बाह्यांचा टॉप, तीन बिनबाह्यांचे पोंचो. दर वेळी तिने ते उजेडात धरून पाहिले, "किती नाजूक केलंयस गं," म्हणाली आणि घडी घालून कपाटात ठेवले. अंगात एकही घातला नाही. क्रोशाचे कपडे करणं हाच माझा उद्योग, कुठल्या ऋतूत कुठला धागा वापरावा हे मी या ब्लॉगवर जगाला सांगत असते आणि माझी सख्खी बहीण खंडाळ्याच्या थंडीत जुना दुकानातला स्वेटर घालून बसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यातून मला पहिली साखळी घालायला शिकवली ती ताईनेच.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी मी आठवा कपडा, लोकर आणि सूत मिसळलेला राखाडी पोंचो, पिशवीत भरला आणि स्कूटर काढली. मनाशी ठरवलं होतं, यंदाही हा कपाटात गेला तर तिच्यासाठी पुन्हा सुई उचलायची नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता.

तुम्हाला याच दिवसांत खंडाळ्याला जायचं असेल तर चिंचवडहून सकाळी सातच्या आत निघा आणि शनिवार-रविवार टाळा. जुन्या महामार्गावर देहूरोडपर्यंत कंपन्यांच्या बस सोबतीला असतात, पुढे रस्ता मोकळा होतो. सकाळी हवा गार, अकराला घाम आणि सूर्य कलला की पुन्हा गार. एका दिवसात तीन ऋतू होतात. अशा दिवसांत अंगात काय घालावं हा प्रश्न मला वाचकांकडून सर्वांत जास्त येतो आणि त्याचं बरं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

ते उत्तर परंदवडी गावात आहे असं मला वाटत होतं. उन्हाळ्यात देहूरोडच्या भाजीबाजारात एका बाईच्या अंगात मी क्रोशाचं जाकीट पाहिलं होतं. नक्षी साधीच, पण बाई वाकली, पिशवी उचलली, हात वर करून केस बांधले, तरी जाकीट जागचं हललं नाही. मी तिला थांबवून विचारलं आणि तिने ते करणाऱ्या छबूमावशींचा नंबर दिला. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की परंदवडी दहा-पंधरा मिनिटांवर. दोन्ही बाजूंना इंद्रायणी भात कापणीला आला होता आणि त्याचा वास हेल्मेटच्या आतही पोचत होता.

छबूमावशी साठीच्या. पंचवीस वर्षं फाट्याजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या, आता घरीच क्रोशाचं काम करतात. ओसरीत खुंट्यांवर हातभर रुंदीचे नमुने टांगलेले होते आणि प्रत्येकाच्या खाली स्टीलची वाटी बांधलेली. मला हसू आलं, पण ते पुढे जिरलं. नवीन धागा आला की मावशी त्याचा नमुना विणतात, भिजवतात, वाटी बांधून दिवस-रात्र टांगतात आणि वाळल्यावर किती बोटं लांबला ते मोजतात. मगच साखळ्या मोजायच्या. मावळच्या धुक्यात निव्वळ सूत ओल धरतं, आपल्याच वजनाने खाली येतं आणि कमरेचं जाकीट श्रावण संपेतो मांडीवर पोचतं. नाकापेक्षा मोती जड. दोन वर्षांपूर्वी मी ताईला दिलेलं जाकीट शुद्ध सुती होतं, हे मला तिथे ओसरीत बसून आठवलं.

पण खरा धक्का पुढेच होता. मी म्हटलं, मावशी, माझं माप घ्या, एक जाकीट मलाही करा. टेप काही निघाली नाही.

"आदी अंगातलं काडून दाकवा," मावशी म्हणाल्या. "मंग परत घाला."

मी स्वतःच केलेला श्रग काढला, परत घातला. त्यांनी पुन्हा काढायला लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की माझा श्रग मागून उचलतो, मी आल्यापासून चारदा तो खाली ओढलाय आणि उजव्या खांद्यावर मी रोज जड पिशवी अडकवते, तर तो खांदा एक बोट खाली आहे. सगळं खरं होतं. वर हेही म्हणाल्या की सोताचं नीट न्हाई आणि लोकाला करून देताय व्हय. हे काम मी पंधरा वर्षं करतेय. मी श्रग पाचव्यांदा खाली ओढला.

ही नजर कुठून आली, तर कारखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीतून. तिन्ही पाळ्यांना शेकडो बायका अंगात कोट चढवायच्या आणि मावशी बघत राहायच्या.

"जो हात आदी बाहीत जातो, तो दुखरा," त्या म्हणाल्या. "चांगला हात मागनं जातो. त्याला कुटनंबी जाता येतं."

बाई काही सांगत न्हाई, हात सांगतो, असंही त्या म्हणाल्या. पोंचो पाहायला मागितला, दोन्ही खांद्यांवरची जोड बोटाने चाचपली आणि विचारलं, काजं का करत न्हाई? मी म्हटलं, पोंचोला बटणं कशाला? त्यांनी तो उजेडासमोर धरला. खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, ओळी, मध्ये जाळी. काजं करायलाच नकोत, सगळी भोकंच आहेत. थंडी पडली की बटण दोन भोकं आत, ऊन चढलं की दोन बाहेर. एका कपड्यात तीन ऋतू निघतात. मला त्या क्षणी या बाईला नमस्कार करावासा वाटला आणि मी केलाही. चहा झाला, आग्रहाने पोळी-भाजी झाली, मग निघाले.

पुढचा टप्पा सोपा. कामशेतला मिसळ खा, नव्वद रुपयांत पोट भरतं. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्या उभ्या-आडव्या लावलेल्या असतात, तिथे स्कूटरच बरी. खंडाळ्याला पोचले तेव्हा चार वाजले होते. भाऊजी रेल्वेत होते. ते गेल्यावरही ताईने इथल्या दोन खोल्या सोडल्या नाहीत, एकटीच राहते. पोंचो तिने उजेडात धरला, नाजूक झालाय म्हणाली आणि घडी घालायला घेतली. मी म्हटलं, घालून दाखव ना. ती म्हणाली, नंतर, आत्ता कुकर लावायचाय. मी फुरंगटून बसले. रात्रीचं जेवणही त्याच तोंडाने जेवले.

सकाळी सहाला जाग आली. खिडकीबाहेर दरी पांढरी भरलेली, नागफणीच्या सुळक्याचं फक्त टोक वर. पाहत बसावं असं दृश्य, पण मी पाहिलं ते दाराच्या फटीतून, स्वयंपाकघरात. ताईने जुना स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टांगला, बाह्या दोन्ही बाजूंना सोडल्या आणि त्या खुर्चीत बसली. डावा हात खालूनच बाहीत सरकवला. मग उजव्याने स्वेटर मागून ओढून घेतला आणि उजवा हात घातला. डावं कोपर छातीच्या वर एकदाही गेलं नाही. इतकं सफाईने, की हे ती कैक वर्षं करत असणार. मी थक्क होऊन पाहत राहिले आणि मग मनात एकेक कपडा मोजला. सातपैकी चार कपडे डोक्यावरून घालायचे होते. दोन श्रगच्या आणि जाकिटाच्या बाह्या इतक्या तंग की दोन्ही हात मागे नेल्याशिवाय जाणार नाहीत. मी ते सगळे शिवणकामाच्या बाहुलीवर बेतले होते आणि फोटोत हात पसरून मिरवले होते.

मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. खांदा केव्हापासून, एवढंच विचारलं.

"चार वर्षं झाली," ताई म्हणाली. "तू इतक्या हौसेने करतेस. घालायला मदत लागते असं कसं सांगायचं गं, मंगे?"

डोळे दुखतात म्हणून विणणं सोडलं असं ती सांगायची, तेही खोटं होतं. मला रडू आलं आणि तिलाही. मग मी तिची कात्री मागितली.

पोंचो म्हणजे दोन चौकोन, खांद्यांवर मुक्या खांबांनी, म्हणजे आखूड टाक्यांनी, जोडलेले. डाव्या खांद्याची जोड मी उसवली आणि धाग्याची टोकं पक्की केली. ताईच्या बिस्किटाच्या डब्यात पाच बटणं निघाली, पाचही वेगवेगळी. ती पुढच्या काठावर शिवली. मग ताईला उभं केलं. उजवा हात आणि डोकं एका बाजूने आत गेलं, डावा हात खालीच राहिला आणि तिने उजव्या हाताने एकेक बटण खांद्यावर लावलं. चौथ्या बटणाला मी मदत करायला गेले, तर तिने मला बाजूला सारलं. धुकं विरलं तेव्हा आम्ही दोघी दाराशी चहा घेत होतो, पोंचो तिच्या अंगात होता.

दुपारी उतरताना मावशींना फोन करून सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. बाकीचे सात कपडे मी परत आणलेत, एकेक उसवतेय. ब्लॉगवरचे हात पसरलेले फोटो काढून टाकायचे आहेत. आता कोणी माप पाठवलं की मी उलट विचारते, रोजचा कपडा कसा घालता, त्याची चित्रफीत पाठवा. काहींना ते विचित्र वाटतं.

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. पोंचो घालून लोणावळ्याच्या बाजारात जाऊन आली होती.

"एक बटण चुकीच्या भोकात गेलं होतं," ती म्हणाली. "घरी आल्यावर कळलं."

मी म्हटलं, मग?

"मग काय, चालून गेलं. थंडी वाढली की दोन भोकं आत घेईन. माझी मी."