खर्जापुरतं रॉक

माझ्या गाण्यांपैकी बाबांना पहिल्यांदा आवडलं ते डूम मेटल. रॉकच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत संथ आणि जड. गिटारच्या तारा ढिल्या करून पार खर्जात वाजवायच्या, आणि घाई म्हणून करायची नाही. सत्तरी ओलांडलेल्या, आवाजाचा तिटकारा असलेल्या माणसाला ते आवडावं याचं मला आधी हसू आलं होतं.

बाबा विमानाची इंजिनं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात होते. तयार झालेलं इंजिन बंद शेडमध्ये पूर्ण ताकदीनं चालवून बघायचं, हे त्यांचं काम. त्या नोकरीसाठी ते साताऱ्याहून बंगळूरला आले आणि इथलेच झाले. संध्याकाळी इंदिरानगरच्या घरी परतले की त्यांना शांतता लागायची. कुकरची शिट्टी झाली तरी कपाळाला आठी. आई रेडिओवर नाट्यगीतं ऐकायची ती स्वयंपाकघराचं दार लोटून. मी कॉलेजात रॉकच्या नादी लागले ती अर्थात हेडफोन लावूनच. मैत्रिणीकडून कॅसेट आणायची, एकच अल्बम आठवडाभर ऐकायचा, वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत आणखी कुणाचा उल्लेख दिसला की त्याच्या शोधात निघायचं. असं करत ब्लूज रॉकवरून सायकेडेलिक, तिथून प्रोग्रेसिव्ह, मग पंक, मग मेटल. घरात यातलं कुणाला काही माहीत नाही अशी माझी समजूत होती.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे बेळ्ळंदूरला राहायला आले. मी "चहा घेणार?" म्हटलं की ते विचारत, "कोण येणार?" शेवटी कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. त्यावरची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खाली गेली होती. खालचे आवाज अजून येतात, वरचे गेलेत. मशिनच्या आवाजात नोकरी केलेल्यांचं असंच होतं, असं त्या म्हणाल्या.

बाबा तो कागद कितीतरी वेळ बघत राहिले. "आवाज अडवायला कानांवर लावायचं कवच द्यायचे आम्हाला," ते म्हणाले. "पण ते लावलं की इंजिनाचं दुखणं ऐकू यायचं नाही. मी काढून ठेवायचो."

श्रवणयंत्र घेतलं. ते लावल्यावर पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखं वाटतं म्हणून थोड्याच दिवसांत त्यांनी ते कपाटात टाकलं.

एका शनिवारी दुपारी ते आत पडलेले असताना मी हॉलमधल्या स्पीकरवर डूमचा एक अल्बम लावला. त्यांना ऐकू जाणार नाही असं गृहीत धरलं होतं. थोड्या वेळानं बघते तर बाबा दारात उभे.

"हे काय लावलंयस?"

मी चटकन बंद करायला गेले.

"बंद नको करू गं. मला ऐकू येतंय हे." मग खुर्ची ओढून बसत म्हणाले, "नीट ऐकू येतंय."

अल्बम संपेपर्यंत ते हलले नाहीत. संपल्यावर विचारलं, "याचं घराणं कोणतं?"

त्या प्रश्नावरून आमचे शनिवार सुरू झाले. दर शनिवारी जेवण झाल्यावर एक घराणं, एक अल्बम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी त्यांना अगदी पहिल्यापासून नेलं. ब्लूज रॉक त्यांना सरळ माणसाचं गाणं वाटलं. पंक ऐकून म्हणाले, "कुणाशी तरी भांडण आहे यांचं. कुणाशी?" प्रोग्रेसिव्ह ऐकताना त्यांची बोटं मांडीवर चालू लागली आणि ते एकदम ताठ बसले.

"अगं, सात मात्रा! रूपकासारखं चाललंय हे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"शाळेत असताना तबला शिकत होतो की मी."

हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

मेटलमधलं सुसाट थ्रॅश मात्र त्यांना सोसलं नाही. ड्रमचा धडाका सुरू झाल्यावर काही क्षणांतच हात वर करून म्हणाले, "हे नको. हे शेडमधलं आहे." त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "अक्का, स्वल्प कडिमे माडी," असं कानडीत, जरा कमी करा म्हणून अजिजीनं म्हणाल्या. सरी, सरी म्हणत मी आवाज कमी केला. त्या गेल्यावर बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पण गिटार वर चढायची तिथे ते हरवायचे. माझा चेहरा बघून त्यांना कळायचं की काहीतरी घडतंय. मग विचारायचे, "आता काय झालं?" मी सांगायचे, "आईच्या त्या नाट्यगीतात तान घेऊन गाणाऱ्या बाई वर जाऊन थांबायच्या ना, तसं." ते मान डोलवायचे. आईचं गाणं तरी त्यांनी कधी पुरतं ऐकलं होतं, कोण जाणे. शूगेझचा अल्बम लावला, ज्यात गिटारींचं सगळं धुकं वरच्या पट्टीत पसरलेलं असतं, तेव्हा ते शेवटपर्यंत बसून राहिले आणि म्हणाले, "पंखा चालू असल्यासारखं वाटलं. चांगलं आहे का ते?"

"खूप चांगलं आहे, बाबा."

"तू हेडफोन लावून पलंगावर पाय हलवत बसायचीस," ते म्हणाले. "मी दारातून बघायचो. वाटायचं, काय ऐकते ते विचारावं. पण घरात आवाज नको म्हणणारा मीच. कोणत्या तोंडानं विचारणार?"

तेव्हा त्यांचे कान धड होते. अख्खं गाणं त्यांच्यापर्यंत पोचलं असतं. मी हेडफोनची एक बाजू काढून त्यांच्या पुढे धरली असती तर ते बसले असते का, हा विचार आता कितीदा तरी मनात येतो, आणि प्रत्येक वेळी वाटतं, बसले असते.

पोस्ट-रॉक मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यात शब्द जवळजवळ नसतात. अगदी हळू सुरुवात होते, एकेक वाद्य मिसळत जातं आणि शेवटी सगळं भरून येतं. त्यासाठी चांगले स्पीकर घ्यावेत म्हणून थांबले. तेवढ्यात बाबांना ताप आला. ताप उतरला, पण उरलेली श्रवणशक्ती घेऊन गेला. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. आता मी त्यांच्याशी मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून बोलते.

स्पीकर आले त्या शनिवारी मी त्यांना हात धरून हॉलमध्ये आणलं आणि पोस्ट-रॉकचा अल्बम लावला. त्यांनी स्पीकरला तळवा लावून पाहिला, काही वेळानं काढून घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "तू ऐक. मग मला सांग काय झालं ते."

मी पहिलं गाणं ऐकलं आणि मोबाईलवर लिहायला बसले. आधी दूरवर एकच सूर, त्याखाली हळूच दुसरा, मग ढोल येतात, असं काहीबाही. शब्द सुचत नव्हते. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"किती वेळाचं गाणं होतं?"

मी बोटांनी दाखवलं, बारा मिनिटं.

"मग हे फार थोडक्यात लिहिलंयस," बाबा म्हणाले आणि मोबाईल माझ्याकडे परत दिला.