हवेशीर कॅबिनेट

मावशीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. तिला गजर लागत नसे. सहाची पाळी, त्याआधी डबा, पाणी, केर. रात्रपाळीचा पहारेकरी नवरा उजाडल्यावर घरी यायचा, तेव्हा ती काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात खोकी भरत उभी असायची.

सगळा कारखाना तिला मावशी म्हणे. खोकं भरण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. बरणी, पुठ्ठा, बरणी, कोपऱ्यात फोमचा तुकडा. मग खोकं बंद करून कानाशी हलवायचं. आवाज आला तर उघडायचं, पुन्हा भरायचं. नव्या पोरींना ती एवढंच सांगे, "जागा रिकामी ठेवलीत की माल फुटला म्हणून समजा." हे काम बसून होत नाही. उभं राहून राहून तिच्या पोटऱ्यांवर शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या.

तिची लेक घरांचे नकाशे काढायला शिकली होती. एका इंजिनिअरने तिला काम देऊ केलं. घरून केलं तरी चालेल म्हणाला, पण सोमवारपासून. घरून जमणार नसेल तर त्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. ऑफिस दुसऱ्या शहरात, म्हणजे लेक तिकडेच खोली घेऊन राहणार. मावशीला ते नको होतं. तोंडाने ती तसं म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "काय लागेल ते घे. जादा पाळ्यांचे पैसे आहेत माझे."

लेकीने कॉम्प्युटरचे सुटे भाग जमवले. जोडणार होती ती स्वतःच. राहिला फक्त वरचा डबा, दुकानात ज्याला कॅबिनेट म्हणतात तो. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्यामध्ये टेबलापुरती फट, आणि टेबलाला लागूनच नवऱ्याची खाट. तो दिवसा झोपणार. म्हणजे डबा लहान हवा आणि मुका हवा.

शनिवारी पाळी सुटल्यावर मायलेकी दुकानात गेल्या. दुकानदाराने दोन कॅबिनेट पुढे ठेवली.

"हे घ्या मावशी. बाजूंना जाळी आहे. मोठा पंखा बसतो, सावकाश फिरतो. एकदम हवेशीर."

मावशीने आत हात घातला. मूठ सहज फिरली.

"एवढी जागा रिकामी? हवा विकतोस काय रे?"

"हवाच विकतो, मावशी. डबा वर फुकट!"

दुसरं बुटाच्या खोक्याएवढं होतं. काळं, चकचकीत, जवळजवळ चारी बाजूंनी बंद. भाग बसवले की आत जेमतेम बोट शिरलं असतं. मावशीने त्यावर टिचकी मारली. "याला म्हणतात माप."

"आई, गरम होईल गं ते."

"गरम व्हायला ती काय शेगडी आहे?"

जाळीवालं त्या फटीत बसवायचं तर कपाट सरकवावं लागलं असतं. शिवाय खोक्यांच्या बाबतीत आईशी वाद घालणार कोण? काळं घरी आलं.

संध्याकाळी लेकीने सगळं जोडलं आणि ती मैत्रिणीकडे स्क्रीन आणायला गेली. मावशीने डबा उचलून पाहिला. आत एक वायर पत्र्यावर टकटकली. झालं, तिचे हात शिवशिवायला लागले. स्क्रू काढले, फोमचे तुकडे कापले आणि जिथं जिथं बोट शिरत होतं तिथं तिथं बसवले. झाकण लावून कानाशी हलवलं. चूं नाही की चां नाही. त्या रात्री तिला छान झोप लागली.

रविवारी सकाळी नवऱ्याचा नुकताच डोळा लागला होता. लेकीने कॉम्प्युटर सुरू केला. पंखा आधी गुरगुरला, मग किंचाळायला लागला. नवरा ताडकन उठून बसला. "कोण शिरलं? कुठं शिरलं?" तेवढ्यात स्क्रीन काळी पडली.

लेकीने डबा उघडला, फोम ओढून काढला.

"आई! हे काय?"

"आवाज येत होता आतून."

"अगं, त्याला वारा लागतो! बरणी आहे का ती?"

नवरा खाटेवरून म्हणाला, "नशीब माझं. मीही घोरतो. माझ्या नाकात नाही कोंबलंस."

फोम काढल्यावर कॉम्प्युटर बंद पडेना, पण पंखाही शांत होईना. नवरा तळमळत राहिला. डोक्यावर उशी घेतली, कूस बदलली आणि शेवटी अंथरूण काखोटीला मारून स्वयंपाकघरात जमिनीवर जाऊन पडला. लेकीने ते पाहिलं.

"राहू दे, आई. मी ऑफिसातच जाऊन बसेन."

मावशीने डब्यावर तळवा ठेवला आणि पटकन काढला. आतला माल हलणारा नव्हताच. तो स्क्रूने घट्ट बसवलेला होता. त्याला आधार कशाला?

"चूक माझी," ती म्हणाली. "स्क्रू काढ. रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं."

दुकानदार काळं कॅबिनेट पाहून हसला. "काय मावशी, माल फुटला?"

"गुदमरला. तुझी हवा दे."

वरचे पैसे तिने घासाघीस न करता दिले. दुकानदारालाच चुकल्यासारखं झालं.

घरी येऊन तिघांनी कपाट रिकामं केलं, ढकललं, पुन्हा भरलं. खाट इतकी सरकली की नवऱ्याचे पाय दाराशी आले. "आता दार उघडणारा आधी माझ्या पाया पडणार," तो म्हणाला. लेकीने भाग पुन्हा जोडले. मावशीचा हात सवयीने डबा हलवायला पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला.

सोमवारी ती पाळीवरून आली तेव्हा नवरा खाटेवर घोरत होता. त्या घोरण्यापुढे पंखा ऐकूच येत नव्हता. लेकीने मान वर न करता बोटाने "थांब" अशी खूण केली. पहिला नकाशा पाठवायचा होता. मावशी चपला काढून तिच्यामागे उभी राहिली आणि तिने जाळीपुढे हात धरला. तळव्याला कोमट वारा लागला.

जादा पाळ्यांच्या पगारातून आलं ते एवढंच. मूठभर रिकामी जागा, आणि घरात बसून काम करणारी लेक.