माहेरची अंघोळ

नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा पातळ झालाय हे मी पहिल्या घोटाला सांगते, हॉटेलात ताट आलं की आधी वाटीची कड पुसून बघते, आणि नवऱ्याच्या मते देवळात गेले तरी मला आधी कोपऱ्यातली जळमटं दिसतात आणि मग देव. त्यामुळे आईला ज्या केंद्रात ठेवलं होतं, तिथली व्यवस्था तपासत राहण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं. भाऊ म्हणाला, "तुझ्या नजरेतून काय सुटणार नाय." त्याचं म्हणणं खरंच होतं.

आई लग्नापासून निफाडकडच्या खेड्यात राहिलेली. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली तेव्हा उपचारासाठी तिला नाशिकला आणलं, आणि दवाखान्यातून सोडल्यावर काही महिने ती माझ्याकडे होती. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझी बँकेची नोकरी, आणि नवऱ्याला मधुमेहानं दिसायला कमी झालेलं. सांभाळायला ठेवलेली बाई महिन्याच्या आत सोडून गेली, दुसरी तिच्याही आधी. मळ्यात भावाकडे न्यावं तर वहिनीच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं आणि द्राक्षांची छाटणी सुरू झाली की घरात माणूस म्हणून सापडत नाही. शेवटी पाथर्डी फाट्याच्या पलीकडे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं सगळं करणारं एक केंद्र पाहिलं आणि तिला तिथं नेलं.

त्या दिवशी भाऊ तिच्या खाटेशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, इथं तुला कोणी काय बोललं, जेवायला कमी दिलं, हेळसांड केली, तर नुसतं सांग. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो आन् तुला घरी नेतो. मग छाटणी असू दे नाहीतर काय असू दे." आईनं मान हलवली. भाऊ शब्द सहसा देत नाही, पण दिला की पाळतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आई घरी परत येणार की नाही, हे आता त्या केंद्रात काही खोट निघते का, यावर येऊन ठेपलं होतं.

मी न कळवता जायची. कधी जेवणाच्या वेळी, कधी दुपारी सगळे पेंगत असताना. खाटेखाली वाकून बघायची, उशीचा अभ्रा नाकाला लावायची, शेजारच्या आजींचा पाण्याचा पेला त्यांच्या हाताला पुरतोय का ते बघायची. उगाचच बेल दाबून उभी राहायची, तर कोणी ना कोणी मावशी हात पुसत यायचीच. आईच्या ताटातलं वरण चाखलं, ते पातळ होतं, पण फोडणी घरच्यासारखी होती. एकदा मी पंख्यावरची धूळ दाखवली, तर पुढच्या खेपेला पंखा पुसलेला होता. मला त्याचाही राग आला.

तिथल्या मुख्य सिस्टर शांत बाई होत्या. "मॅडम, तुम्ही कधीही या, कुठंही बघा," असं म्हणायच्या. मी मनात म्हणायची, एवढं बिनधास्त सांगतेय म्हणजे ही नक्की काहीतरी लपवतेय. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दर दोन-चार दिवसांनी आईचा फोटो टाकायच्या. दसऱ्याला तिच्या हातात सोनं दिलेला फोटो आला, त्यावर सगळ्या नातेवाइकांनी हात जोडले. मी तो बोटांनी मोठा करून तिच्या नखांत मळ आहे का ते बघितलं. नखं कापलेली होती.

खरं सांगायचं तर मला खोट हवी होती. आईची हेळसांड व्हावी असं कुठल्या लेकीला वाटेल? पण ती खाट, ते हिरवे पडदे, भेटीची वेळ संपली की चष्मा न काढता डोळे मिटून घेणारी आई, हे सगळं मला सहन होत नव्हतं. ते तसं भावाला सांगायची सोय नव्हती. सहन होत नाही म्हटलं तर तो म्हणणार, मग ने तुझ्या घरी. पण वाईट काही सापडलं तर प्रश्नच मिटला.

आईला विचारून काही हाती लागत नव्हतं.

"आई, खायला पोटभर देतात का?"

"देतात ना. बरं हाय."

"रात्री हाक मारली तर येतात का?"

"येतात की. लय चांगल्या हाय पोरी."

एकदा मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "आई, आता इथं कोणी ऐकत नाहीये. खरं सांग." पक्षाघातानं तिचं बोलणं जड झालं होतं, तरी शब्द कळायचे. ती म्हणाली, "बरं हाय म्हन्ते ना. किती विचारशील?"

परत येताना रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की हे उत्तर तिला आज सुचलेलं नाही. लग्न होऊन सासरी गेली त्या दिवसापासून ती हेच सांगत आली. तिचं माहेर चांदवडकडचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. सगळ्या आया विचारणार, कसं चाललंय, आणि सगळ्या लेकी सांगणार, बरं चाललंय. सासरचं गाऱ्हाणं तोंडानं सांगायचं नाही, मग तिथं काहीही होवो, हे त्या बायकांच्या अंगात मुरलेलं.

म्हणून तिची आई, म्हणजे माझी आजी, विचारतच नसे. लेक आली की दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा हंडा तापवायची आणि चांगल्या लेकुरवाळ्या पोरीला दगडावर बसवून स्वतः न्हाऊ घालायची. केस धुताना डोक्याला टेंगूळ लागतंय का, पाठ चोळताना बरगड्या किती वर आल्यात, सगळं तिच्या हाताला कळायचं. एका वर्षी आजीला आईच्या दंडावर भाजल्याचा डाग दिसला. आईनं कोणाचं नाव घेतलं नाही, आजीनंही विचारलं नाही. सासरहून न्यायला आलेल्या माणसाला तिनं फक्त सांगितलं, "पोर दिवाळीपातुर इथंच ऱ्हाईल." आई हे सांगायची तेव्हा तिचा चेहरा इतका खुललेला असायचा, की लहानपणी मला वाटायचं, तिला कसलं तरी बक्षीस मिळाल्याची ही गोष्ट आहे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिनं मलाही असंच धरून बसवलं होतं. मी हसत सुटले होते. "आई, मला माझं अंग धुता येतं," म्हटलं, तर "गप बस" म्हणाली आणि उटणं असं चोळलं की डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या रविवारी मी टॉवेल, शिकेकाई आणि घरचं खोबरेल तेल पिशवीत घालून निघाले. थंडी मी म्हणत होती. सिस्टरना म्हटलं, आज आईला मी अंघोळ घालते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. दोन मावश्यांनी आईला उचलून अंघोळीच्या खुर्चीत बसवलं, गरम पाण्याची बादली भरून दिली आणि दार ओढून घेतलं.

मी आईला असं पहिल्यांदाच पाहत होते. माझ्याकडे होती तेव्हा हे काम बाई करायची किंवा मी ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची, तेही चादरीआडून, तिला लाज वाटू नये म्हणून. इतकीशी झाली होती ती. ज्या खांद्यांवर तिनं गवताचे भारे वाहिले, ते माझ्या मुठीत मावत होते. मला रडू येत होतं, पण मी त्यासाठी आले नव्हते. मी केसांपासून सुरुवात केली. टाळूला खवले नव्हते, कानांमागं मळ नव्हता. काखा, छातीखालची घडी, जांघा, जिथं जिथं ओल राहून कातडी सोलते ती प्रत्येक जागा मी पाहिली. निर्जीव उजव्या हाताची बोटं एकेक उघडून पाहिली, तळहात कोरडा आणि स्वच्छ होता. टाचांना भेग नव्हती. माकडहाडाशी एक गुळगुळीत, फिकट वण होता, तेवढाच.

आई एरवी कोणी हात लावला की अंग चोरून घ्यायची. त्या दिवशी मी न सांगताच तिनं डावा हात वर केला. खुर्चीची दांडी धरून स्वतःच पुढं वाकली आणि पाठ उजेडाकडे वळवली. वाकून धाप लागली तरी तशीच राहिली. मला वाटलं, गरम पाण्यानं तिला बरं वाटतंय.

पाठीवरून शेवटचा तांब्या ओतला तेव्हा ती म्हणाली, "सापडलं का गं काय?"

माझा हात तिथंच थांबला.

"काय सापडायचं, आई?"

"अंगावं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या नळाकडे बघत होती. मी आत आले तेव्हाच तिनं ओळखलं होतं की ही कसली अंघोळ आहे, आणि तोंडानं जे ती कधीच सांगणार नव्हती, ते माझ्या हाताला कुठंतरी लागावं म्हणून ती इतका वेळ वळत होती, वाकत होती, हात वर करत होती.

"नाही गं," मी म्हटलं. "काही नाही."

"पाठीला पाह्यलं?"

"पाहिलं."

"त्या तिथं खाली हाय ना? मला लागतंय कधी कधी."

"ते जुनं आहे, आई. माझ्याकडे होतीस ना, तेव्हा पडून पडून झालं होतं. इथं भरून आलं ते."

तिनं खुर्चीची दांडी सोडली नाही. केसांतून पाणी ठिबकत होतं. मग म्हणाली, "नीट पाहा बरं एकडाव."

मी तांब्या खाली ठेवला, ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि पुन्हा पाहिलं. मानेपासून. हळूहळू, बोटं फिरवत, एकेक मणका, एकेक बरगडी. कुठंतरी काळं-निळं दिसावं, नखाएवढा तरी ओरखडा मिळावा, असं मनापासून वाटत होतं. आईनं श्वास धरून ठेवला होता. पाठ स्वच्छ होती. त्या लोकांनी तिला फार चांगलं ठेवलं होतं.

"नाही गं, आई. कुठंच काही नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग गाऊन दे. गार लागतंय."