धुक्यातल्या मालिकेचा शेवट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर रिकामे खोके साचतात तसे ते साचतात आणि एक काढायला हात घातला की चार अंगावर येतात. आमच्या घरी रविवारी जमणाऱ्या मंडळींचे किस्सेही असेच साचले आहेत.

माझी बायको मेधा इथे नाशिकमध्येच एका निवासी शाळेत चित्रकला शिकवायची. तिचे तीन जुने विद्यार्थी, प्राची, जुनेद आणि भूषण, नोकरीधंद्याला लागल्यावर पुन्हा तिच्याकडे येऊ लागले, ते अॅनिमे बघायला. "अॅनिमे म्हणजे जपानी कार्टून ना?" असं मी एकदा विचारलं. तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने चहा टाकायला आत गेलो!

मेधा गेल्या वर्षी गेली. मुलं यायची थांबली नाहीत. पण तेव्हा चालू असलेल्या मालिकेचा शेवटचा भाग तेवढा बघायचा राहिला. कायम धुक्यात असलेल्या एका तलावावर हारू नावाची मुलगी होडीतून टपाल पोचवते. तिचे वडील कधीतरी त्या धुक्यात गेले, ते परत आलेच नाहीत. टपाल वाटता वाटता ती त्यांना शोधते. एवढीच गोष्ट. मालिका बेताचीच होती, पण माझ्या आईला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: हारूला वडील भेटतात का?

"शेवट एकदम बंडल आहे म्हणे, सर," असं प्राचीने फोनवर कुठेतरी वाचून सांगितलं होतं. म्हणून मी टाळत होतो. त्या मालिकेत आमच्या बऱ्याच दुपारी गेल्या होत्या. शेवट फसला तर त्या दुपारींनाही मागून डाग लागेल, असं मला वाटायचं.

* * *

आईच्या नजरेच्या मधोमध काही वर्षांपासून डाग आहे. तिला रंग दिसतात, हालचाल दिसते, अक्षरं दिसत नाहीत. त्यामुळे पडद्याखाली इंग्रजीत येणारे संवाद मेधा तिला मराठीत सांगायची. जपानी आवाज टीव्हीतून यायचा, मराठी सोफ्यावरून.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एका मालिकेत मुखवटा घातलेला एक दुष्ट राजा होता. तो कोण, हे रहस्य शेवटपर्यंत ताणलेलं. दुसऱ्याच रविवारी आई म्हणाली, "हा त्या मुलाचा काका आहे."

"आजी, काका तर देवमाणूस आहे!" जुनेद कळवळून म्हणाला.

"असेल. आवाज त्याचाच आहे."

पुढचे दोन महिने आम्ही ते रहस्य बघत बसलो. शेवटच्या भागात मुखवटा निघाला. काका! आई तेव्हा चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. तिने मानही वर केली नाही.

* * *

जुनेद मालेगावचा. घरी यंत्रमाग, आणि हा पाट्या रंगवतो. एका मालिकेच्या नायकावर त्याचा इतका जीव जडला, की मामूंच्या कापडाच्या दुकानाच्या शटरवर त्याने तो पूर्ण उंचीचा काढला. निळे केस, हातात तलवार. मालेगावात पोरं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढायची.

मालिकेचा शेवटचा भाग आला. नायकाने काही कारण नसताना शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून दिला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला. संपलं!

जुनेद आठवडाभर कोणाशी बोलला नाही. मग एके दिवशी मालेगावला जाऊन त्याने नायकाचे केस काळे केले, मिशा काढल्या, तलवारीची कात्री केली आणि वर लिहिलं: 'जेंट्स टेलर, आत चौकशी करा.'

मामूंकडे टेलर नव्हता. शेवटी ठेवावा लागला!

* * *

या शटरवरूनच आमच्याकडे मोठा वाद झाला. भूषणचं म्हणणं, एवढे भाग आनंदात गेले, एका शेवटाने काय बिघडतं? प्राची पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये माल तपासायला असते. ती म्हणाली, "घडाच्या टोकाचे मणी मऊ निघाले की आम्ही सगळा घड बाजूला काढतो."

"आणि घड एकदम भारी असला तर?" मेधाने विचारलं.

"भारी असला तर कात्रीने टोक कापतो आणि पाठवतो, मॅडम. त्याला काय होतंय! वाईट असला तर तो आधीच गेलेला असतो. मेलं मरण त्या मधल्याचं. तो बिचारा टोकावरच पास होणार असतो."

मेधाने चिवड्याचा डबा भूषणकडे सरकवला. मग म्हणाली, "आपण सगळेच मधल्यातले."

"मी नाही हं!" आई म्हणाली.

* * *

भूषण सटाण्याजवळच्या नामपूरचा, इथे एका बँकेत आहे. एका रविवारी मेधाचा घसा बसला होता, तेव्हा आईला संवाद सांगायचं काम त्याच्याकडे आलं. सुरुवातीला तो बँकेतल्यासारखं मराठी बोलत होता. मग हारूची होडी धुक्यात अडकली, कोणीतरी पलीकडून हाक मारली, आणि भूषण स्वतःच इतका घाबरला की थेट घरच्या बोलीत गेला.

"कोन शे रे तठे?"

"मी शे! टपालवाली!"

पुढचा सगळा भाग अहिराणीत झाला. मेधाला बसलेल्या घशाने हसताही येईना. ती नुसती उशी तोंडाशी धरून हलत होती.

आईने शेवटी गंभीरपणे विचारलं, "त्या तलावावर सगळे सटाण्याकडचेच आहेत का रे?"

* * *

त्यानंतरची गोष्ट. मेधा पुन्हा संवाद सांगू लागली होती. पडद्यावर एक म्हातारी दार उघडते, हारू तिला पत्र देते. खाली इंग्रजीत आलं, 'आज हवा खराब आहे.' मेधा आईला म्हणाली, "म्हातारी सांगत्येय, माझं पत्र मला वाचून नको दाखवूस. मला ठाऊक आहे त्यात काय असेल. तू फक्त जरा बस."

प्राचीने माझ्याकडे बघितलं. मी जुनेदकडे. मग आम्ही लक्ष ठेवायला लागलो. जिथे मालिका सपक होती, तिथे मेधा सरळ आपलं घालत होती! हारूच्या वडिलांना शीळ घालायची सवय होती, हे मेधाचं. होडीला हारू 'अहो' म्हणते, हेही मेधाचंच. आम्ही चौघं एक मालिका बघत होतो आणि आई दुसरीच. आईची जास्त चांगली होती.

आई आत गेल्यावर जुनेद म्हणाला, "मॅडम, ये तो चीटिंग है."

"मी फक्त रिकाम्या जागा रंगवते," मेधा म्हणाली. "आणि आईंना कोणी सांगितलंत तर बघा."

कोणी सांगितलं नाही.

* * *

मालिकेतलं धुकं खोटं दिसतं, असं जुनेदचं मत. म्हणून एका जानेवारीत आम्ही पहाटे उठून गंगापूर धरणाच्या पाण्यावर खरं धुकं बघायला गेलो. आईसुद्धा, दोन शाली घेऊन. पाणी दिसत नव्हतं, पलीकडचा डोंगर दिसत नव्हता. कुठूनतरी पाण्यावर वल्ह्याचा आवाज येत होता, पण होडी दिसेना.

जुनेदने वही काढली, पेन्सिल धरली आणि तसाच उभा राहिला.

"काय काढू, मॅडम? काही दिसतच नाही."

"मग तसंच ठेव," मेधा म्हणाली आणि चालत थोडी पुढे गेली. आधी तिची चप्पल दिसेनाशी झाली, मग साडीचा काठ. नुसता आवाज येत राहिला. "अरे, इथे तर ऊन आहे! या ना!"

आम्ही गेलो. ऊन वगैरे काही नव्हतं!

* * *

ती गेल्यावर संवाद सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिणारा माणूस, पण जे खाली दिसेल तेवढंच वाचायचो. मेधासारखं आपलं घालायची हिंमत नव्हती. नव्या नव्या मालिका लावल्या. आई ऐकून घ्यायची.

एकदा म्हणाली, "श्री, तुझ्या तोंडून सगळी माणसं सरकारी नोकर वाटतात."

प्राची मध्ये पडली. "आजी, ही मालिकाच तशी आहे."

"मालिका नेहमी तशीच असते गं," आई म्हणाली.

आणि मग या जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारचा चहा झाल्यावर, तिने कप खाली ठेवला. "आज त्या मुलीचा शेवट लावा."

"आई, तो चांगला नाहीये म्हणे."

"नसू दे. ती मुलगी थांबेल अजून दहा वर्षं. मी नाही थांबणार."

भूषणने लॅपटॉप टीव्हीला जोडला. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून प्राचीने पडदा ओढला. मी आईच्या शेजारी बसलो, मेधा बसायची त्या बाजूला, आणि वाचायला लागलो.

भाग तसा बरा चालला होता. हारू शेवटचं पत्र घेऊन निघते. धुकं दाट होतं. लांब एक पिवळा कंदील दिसतो. कंदिलाशी पाठमोरा माणूस. होडी त्याच्याजवळ जाते. तो वळतो.

आणि गाणं सुरू झालं! दोघांची तोंडं हलत होती, पण आवाज नाही. खाली अक्षरं नाहीत. नुसतं गाणं. मग दोघं पांढऱ्यात विरून गेले आणि पडद्यावर पाटी आली: 'हारूचा पुढचा प्रवास खेळा आमच्या मोबाइल गेममध्ये!'

"हे काय!" भूषण उभाच राहिला.

"आणि तो गेम कधीच बंद पडलाय," प्राची फोन बघत म्हणाली.

"लानत है यार," जुनेद म्हणाला. मग तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

मला राग आला नाही. मागच्या सगळ्या दुपारी पाणी घातल्यासारख्या पातळ होत चालल्या आहेत, एवढं जाणवत होतं.

"भेटले ना?" आईने विचारलं. "कंदील होता, माणूस होता. भेटले. काय बोलले?"

"आई, तिथे गाणं आहे."

"गाणं मला ऐकू आलं. बोलले काय?"

जुनेद हळूच म्हणाला, "आजी, खाली काही लिहिलेलंच नाहीये."

"मेधाला कुठे लिहिलेलं लागायचं?"

प्राचीचा हात चिवड्याच्या डब्यात तसाच राहिला.

"आजी, तुम्हाला माहीत होतं?" प्राचीने विचारलं.

"मला काय वेडी समजता?" आई म्हणाली. "भूषण, मागे घे. आणि ते गाणं बंद कर."

भूषणने मागे घेतलं. आवाज बंद केला. खोलीत फक्त लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज राहिला. पुन्हा धुकं, पुन्हा कंदील. होडी जवळ गेली. माणूस वळला. त्याचे ओठ हलले.

आई वाट बघत होती.

"वडील म्हणतात," मी म्हणालो, "इतका उशीर?"

हारूचे ओठ हलले.

"आणि ती?" आईने विचारलं.

"ती म्हणते, धुकं होतं."

पडदा पांढरा झाला. आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि मुलांकडे वळून म्हणाली, "बघा! लिहिलेलं होतं की!"