कपाट बाहेर निघालं तो रविवार

कुठेही लोखंडी कपाट हलवताना दिसलं की मला भोपाळच्या टाऊनशिपमधलं आमचं क्वार्टर आठवतं. पुढे पेरूचं झाड, मागे कपडे वाळत घालायची तार आणि सकाळी कारखान्याचा भोंगा. फार सुखाचं घर होतं ते.

तिथेच बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. शब्द राहिले, वाक्यं गेली. ‘चहा… साखर… नको,’ इथेच गाडी अडायची. पुढचं आई पूर्ण करायची आणि ते तिच्यावर चिडायचे. बाहेरच्यांशी तर त्यांनी बोलणंच टाकलं. कारखान्यातले सोबती भेटायला आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. ज्यांच्या आवाजावर अख्खी शेड चालायची, त्यांचं हे लपणं मला बघवत नसे.

मी तेव्हा पुण्यात भाषाशास्त्र शिकत होते. वाक्याची रचना झाडासारखी असते आणि अशा आजारात त्याच्या वरच्या फांद्या झडतात, असं सरांनी फळ्यावर झाड काढून समजावलं होतं. मला पटलंही होतं. पण सुट्टीत घरी आले की त्या झाडाची चीड यायची. झडलं ते कळलं, आता बाबांना खोलीबाहेर कसं काढू, ते सांगा ना!

बाबांची नोकरी संपली तसं क्वार्टर सोडणं आलं. भोपाळमध्येच, अवधपुरीत, आमचं स्वतःचं घर तयार होतं. एका रविवारी शेडमधले चौघे ट्रक घेऊन आले. बाबा आतच. लोखंडी कपाट दारात अडकलं. चौघे चार दिशांना ओढू लागले, एकमेकांवर ओरडू लागले आणि कपाट कलंडलं.

‘ए! बस!’

बाबा बाहेर आले होते. डावा हात वर. कारखान्यात क्रेनखाली उभं राहून, हाताच्या खुणांनी मोठमोठी यंत्रं ते असेच हलवायचे.

‘ऊपर. और. बाएँ… बाएँ. धीरे.’

कपाट अलगद बाहेर आलं. त्या कामाला वाक्य कधी लागलंच नव्हतं.

‘उस्ताद, अब फ्रिज?’ एकाने नेहमीसारखं विचारलं.

‘फ्रिज,’ बाबा म्हणाले. दुपारपर्यंत त्यांनी सगळं घर ट्रकवर चढवलं. मला इतका आनंद झाला की मी चहात साखरच विसरले.

ट्रक गेला. रिकाम्या स्वयंपाकघरात आई ओट्यावर हात टेकून रडत होती. मी तिच्याजवळ जाणार, तोच बाबा पोचले. त्यांनी डावा हात तिच्या पाठीवर ठेवला.

‘धीरे,’ ते म्हणाले. ‘धीरे.’

पुढचं आईने पूर्ण केलं नाही.